पुराचा महिना

प्राचीन संस्कृती नद्यांच्या काठी जन्मास आल्या, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. ते खोटे नाही. परंतु जेवढे ते सांगते त्याहून बरेच अधिक सांगितल्याचा आभास ते निर्माण करते. पृथ्वीच्या पाठीवर नद्या काय थोड्या आहेत? अ‍ॅमेझॉन आणि काँगो या नद्या पाण्याच्या मानाने नाईलहून कितीतरी मोठ्या, पण इ. स. पूर्व तिसऱ्या सहस्रकात त्यांच्या काठी ना विटांची नगरे उठली, ना लेखनिकांचे वर्ग निर्माण झाले. नदी होती म्हणून संस्कृती झाली, हे उत्तर चूल होती म्हणून स्वयंपाक झाला या जातीचे आहे. चुलीवाचून स्वयंपाक होत नाही हे मान्य. पण काय शिजले आणि ते करपले कसे, हे चुलीवरून कळत नाही.

म्हणून आम्ही येथे अधिक आटोपशीर प्रश्न विचारणार आहोत. नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस आणि सिंधू या तिन्ही खोऱ्यांत प्राचीन काळी मुख्य धान्ये एकच होती : जव आणि गहू. तिन्ही ठिकाणी पाऊस अल्प. तिन्ही ठिकाणी दूरच्या डोंगरांतून वाहत आलेला गाळ पसरून जमीन तयार झालेली. इतके साम्य असूनही तेथील मानवी जीवनाला आलेले आकार मात्र अगदी वेगळे. या वेगळेपणाचा एक मोठा धागा, आमच्या मते, एका साध्या गोष्टीपाशी जाऊन पोहोचतो : पूर कोणत्या महिन्यात येतो? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुराने घातलेली अट माणसांनी कशी वाचली? चीनमधील पीत नदीची कथा स्वतंत्र लेखाची धनी आहे. ती आम्ही येथे बाजूस ठेवली आहे.

प्रथम नाईल. इजिप्त ही नाईलची देणगी आहे, हे हिरोडोटसचे म्हणणे इतक्या वेळा सांगितले जाते की, ते इ. स. पूर्व पाचव्या शतकातील एका चौकस ग्रीक प्रवाशाचे निरीक्षण आहे याचा विसर पडावा. मूळ संदर्भ पाहिला तर तो नदीने आणलेल्या गाळापासून तयार झालेल्या, समुद्राकडील सखल भूमीविषयी बोलत आहे. एका अर्थी ते भूस्तरशास्त्रीय विधान आहे. पुढच्या लेखकांनी त्याचे सुभाषित केले, आणि इजिप्तचे लोक म्हणजे नदीने ताटात वाढलेले खाणारे भाग्यवंत, अशी समजूत रूढ झाली.

या समजुतीला आधार नाही असे मात्र नव्हे. इथिओपियाच्या पठारावर उन्हाळ्याच्या अखेरीस मोसमी पाऊस कोसळतो. ते पाणी निळी नाईल आणि अत्बारा या नद्यांतून उत्तरेकडे धावते. जून-जुलैच्या सुमारास इजिप्तमध्ये नदी चढू लागे, सप्टेंबरात पूर कळसास पोहोचे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी ओसरून वाफशावर आलेली काळी जमीन शेतकऱ्याच्या स्वाधीन होई. जव आणि गहू पेरण्याची वेळ नेमकी तीच. मार्च-एप्रिलमध्ये सुगी उरकली की जमीन उन्हात तापे, तिला भेगा पडत, आणि त्या भेगांतून हवा खोलवर जाई. तेवढ्यात पुन्हा पूर. पेरणीच्या आधी पाणी, कापणीच्या वेळी कोरडे आकाश : कुणबी देवाजवळ याहून अधिक काय मागणार?

शेतकऱ्याचे कामही त्या मानाने सोपे होते. बांध घालून जमिनीचे मोठे वाफे पाडायचे. पुराचे पाणी त्यांत सहा-आठ आठवडे कोंडून ठेवायचे. मग ते खालच्या वाफ्यात किंवा परत नदीत सोडून द्यायचे. या परत सोडलेल्या पाण्याबरोबर एक महत्त्वाची गोष्ट निघून जाई, ती म्हणजे जमिनीतील क्षार. इजिप्तच्या शेतकऱ्याला क्षारांचे रसायनशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नदीच दरसाल त्याचे शेत धुऊन देत असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

नदीचा हा नेमच इजिप्तच्या मनाचा नेम झाला. वर्षाचे तीन ऋतू, प्रत्येकी चार महिन्यांचे : पुराचा, उगवणीचा आणि सुगीचा. सुमारे सत्तर दिवस अदृश्य राहिलेला व्याध तारा पहाटेच्या पूर्व क्षितिजावर पुन्हा दिसू लागला की पुराची चाहूल लागे. त्यांनी तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस असे ३६५ दिवसांचे वर्ष बसवले. अधिक दिवस न धरल्यामुळे ते चार वर्षांत एक दिवस सरकत गेले, आणि काही शतकांनी पंचांगातील पुराचा ऋतू खऱ्या पुराला सोडून भलतीकडेच गेला; पण ते पंचांग त्यांनी टाकले नाही. नियमावर एवढी श्रद्धा बसण्यास नाईलसारखीच नदी हवी.

प्रवासाच्या बाबतीतही तेच. नदी उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून वाहतो. म्हणजे जाताना प्रवाह आणि येताना शीड. त्यांच्या चित्रलिपीत दक्षिणेस जाणे हे शीड उभारलेल्या नावेने आणि उत्तरेस जाणे हे शीड उतरवलेल्या नावेने दाखवीत. अशा जलमार्गावर एका राजाची आज्ञा शेकडो मैल विनासायास पोहोचते. इ. स. पूर्व ३१०० च्या सुमारास इजिप्त एकछत्री झाला आणि पुढे बराच काळ तसा राहिला, त्यामागे हे कारण आहेच. दोन्ही बाजूंस वाळवंट, उत्तरेस समुद्र, दक्षिणेस खडकाळ धबधबे : अशा दालनात राज्याला स्थैर्य लाभले तर नवल नाही.

तथापि ही देणगी बिनशर्त नव्हती. पूर महिना चुकवीत नसे, पण माप चुकवीत असे. पाणी थोडे कमी चढले तर वरचे वाफे कोरडे राहत. जास्त चढले तर बांध आणि गावे वाहून जात. पालेर्मो शिला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन लेखात आरंभीच्या राजांच्या वर्षावर्षांच्या नोंदींबरोबर पुराची उंची हातांच्या मापाने कोरून ठेवली आहे. राजाच्या पराक्रमाइतकीच पुराची उंची नोंदण्याजोगी वाटणाऱ्या लोकांना ताटात वाढलेले मिळत होते, असे म्हणणे धाडसाचे आहे. ते दरसाल मोजून जगत होते.

आता नाईलकडून टायग्रिस-युफ्रेटिसकडे वळू. या दोन नद्या आजच्या तुर्कस्तानातील पर्वतांत उगम पावतात. तेथील हिवाळ्याचे बर्फ वसंतात वितळते आणि पूर येतो एप्रिल-मे महिन्यांत. दक्षिण मेसोपोटेमियात, म्हणजे सुमेरच्या भूमीत, जवाचे पीक तेव्हा कापणीस आलेले असते. ज्या दिवसांत शेतकऱ्याला पाणी नको, नेमक्या त्याच दिवसांत नदी दाराशी येऊन उभी राहते. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीसाठी जेव्हा घोट घोट पाणी हवे असते, तेव्हा तिचे पात्र रोडावलेले असते. पाऊस वर्षाकाठी २०० मिलिमीटरही नाही. त्याच जातीचे पीक, तसाच गाळ, पण पुराचा महिना बदलला, आणि सगळा संसार बदलला.

सुमेरच्या माणसाला नदीशी दुहेरी झगडा करावा लागला. वसंतात तिला शेताबाहेर ठेवायचे आणि शरदात तिला शेतात आणायचे. पहिल्यासाठी बांध, दुसऱ्यासाठी कालवे आणि पाट. त्यात या नद्या गाळाने आपले पात्र उचलीत भोवतालच्या मैदानाहून उंचावरून वाहतात. त्यामुळे पाणी काढणे सोपे, पण काठ फुटला की नदी नव्या वाटेने निघून जाते आणि शहर कोरडे पडते. एके काळी नदीने समृद्ध असलेल्या उर नगराचे अवशेष आज युफ्रेटिसच्या पात्रापासून कित्येक किलोमीटर दूर उजाड मैदानात पडलेले आहेत.

कालवा आला की त्याबरोबर वाटणी येते, आणि वाटणीबरोबर भांडण. लगाश आणि उम्मा या शेजारच्या दोन नगरांमध्ये सीमेवरच्या सुपीक जमिनीवरून व पाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या झगडा चालला, इ. स. पूर्व २५०० ते २३५० या दरम्यानच्या लेखांतून आपल्याला तो वाचता येतो. नोंद राहिलेल्या अतिप्राचीन पाणीतंट्यांत त्याची गणना करावी लागेल. इ. स. पूर्व अठराव्या शतकातील हम्मुराबीच्या विधिसंहितेत आपल्या बांधाची डागडुजी न केल्याने शेजाऱ्याचे शेत बुडवणाऱ्या माणसाने धान्य भरून द्यावे असा नियम आहे. ते देण्याची ऐपत नसेल तर त्याला व त्याच्या चीजवस्तूंना विकून येणारे द्रव्य नुकसान सोसणाऱ्यांनी वाटून घ्यावे, असेही त्यात आहे. बांधातील एका माणसाची हयगय म्हणजे सगळ्या शिवाराचे मरण, हे ज्या भूमीत रोजचे सत्य होते, तेथे कायदा इतका कठोर आणि इतका तपशीलवार व्हावा यात आश्चर्य नाही.

सुमेरच्या भूमीत आणखी एक उणीव होती. तेथे दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातू नाही. आहे ती चिखलमाती आणि बोरू. त्यांनी मातीच्या विटा केल्या, मातीच्या पाट्या केल्या आणि बोरूच्या टोकाने त्यांवर लिहिले. इ. स. पूर्व ३३०० च्या सुमारास उरुक नगरात लिहिण्यास आरंभ झाला, तो काव्यासाठी नव्हे. धान्य, मेंढ्या आणि मजुरी यांच्या हिशेबासाठी. लाकडासाठी त्यांना पश्चिमेच्या पर्वतांकडे, तांब्यासाठी ओमानकडे आणि निळ्या राजवर्ती मण्यांसाठी थेट बदख्शानच्या खाणींकडे पाहावे लागले. दारिद्र्याने त्यांना व्यापारी केले. जगबुडीच्या कथेला सुमेर-बाबिलोनच्या वाङ्मयात जे भयाण स्थान आहे, तेही आम्हांस या नदीच्या स्वभावापासून अगदी वेगळे काढता येत नाही. इजिप्तने आपल्या पुराला हापी नावाच्या पुष्ट देहाच्या देवतेचे रूप दिले. सुमेरने आपल्या पुराला देवांचा कोप म्हटले.

परंतु सुमेरचा खरा शत्रू हा गाजावाजा करीत येणारा पूर नव्हता. तो जमिनीखालून, निमूटपणे, पांढऱ्या पावलांनी वर आला.

कालव्याचे पाणी कितीही गोड लागले तरी त्यात थोडे क्षार विरघळलेले असतात. सपाट, चिकण मातीच्या जमिनीवर ते पाणी वर्षानुवर्षे दिले आणि त्याला निचऱ्याची वाट नसली, की भूगर्भातील पाण्याची पातळी वर चढते. उन्हाने ते पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. इजिप्तमध्ये हे मीठ दरसालचा पूर धुऊन नेत असे. सुमेरमध्ये पूर चुकीच्या महिन्यात येई, म्हणून लोक त्याला शेतात येऊच देत नसत. मग मीठ धुणार कोण? थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स या दोन संशोधकांनी १९५८ साली मातीच्या पाट्यांवरील धान्याच्या हिशेबांवरून आणि इतर पुराव्यांवरून असे दाखवले की, इ. स. पूर्व ३५०० च्या सुमारास दक्षिणेत गहू आणि जव जवळजवळ सारख्या प्रमाणात पिकत; हजारएक वर्षांनी गव्हाचा वाटा सहाव्या हिश्श्यावर आला; आणि इ. स. पूर्व १७०० च्या सुमारास तेथे गहू जवळजवळ नाहीसा झाला. गव्हाला खारवट जमीन सोसत नाही, जवाला ती काही प्रमाणात सोसते. जवाचा उताराही त्या काळात घटत गेल्याचे त्यांनी मांडले. त्यांच्या आकड्यांवर पुढील अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि नगरांच्या ऱ्हासाला हेच एक कारण होते असे आज कोणी म्हणणार नाही. पण मीठ फुटल्याच्या नोंदी त्या पाट्यांतच आहेत, आणि राजकीय सत्तेचे केंद्र कालांतराने दक्षिणेतील सुमेरकडून उत्तरेतील बाबिलोनकडे सरकले, हेही खरे.

शेतकऱ्यांना यावर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. एक वर्ष पीक आणि एक वर्ष पड, ही तेथील जुनी चाल. पडीत जमिनीत खोल मुळांची रानटी झुडपे माजत. त्यांतील आगूल हे आपल्याकडील जवाशाच्याच जातीचे काटेरी झुडूप. ही झुडपे जमिनीतील पाणी शोषून त्याची पातळी खाली नेत आणि पुढच्या पेरणीला जमीन पुन्हा सावरत असे. मॅकग्वायर गिब्सन यांनी १९७४ साली असे प्रतिपादन केले की, हा पडीचा नेम मोडण्याचा दबाव बहुधा वरून आला : ज्या सत्तेला अधिक धान्य, अधिक कर हवा होता तिच्याकडून. हे खरे मानले, तर सुमेरच्या जमिनीचे नुकसान नदीने केले नाही, अज्ञानानेही केले नाही, घाईने केले.

येथे एका प्रसिद्ध सिद्धांताचा परामर्श घेतला पाहिजे. कार्ल विटफोगेल यांनी १९५७ साली असे मांडले की, मोठे कालवे म्हणजे मोठे संघटन, मोठे संघटन म्हणजे नोकरशाही, आणि नोकरशाही म्हणजे अनियंत्रित राजसत्ता; पूर्वेकडील हुकूमशाहीचे मूळ पाण्यात आहे. सिद्धांत नीटनेटका आहे, पण पुरावा त्याच्या साच्यात बसत नाही. इजिप्तमधील वाफ्यांची व्यवस्था बव्हंशी गावोगावी, स्थानिक पातळीवर चाले. मेसोपोटेमियात रॉबर्ट अ‍ॅडम्स यांच्या पाहणीत असे दिसले की, नगरे आणि राज्ये आधी आली, मोठे कालवे मागाहून. म्हणजे कालव्याने राजा घडवला नाही; राजाने कालवा खणला. भूगोलाला इतिहासाचा कर्ता ठरवण्याची घाई झाली की कार्यकारणाची अशी उलटापालट होते.

या सिद्धांताची खरी अडचण तर आपल्याच उपखंडात आहे. सिंधूचा पूर बर्फाच्या आणि मोसमी पावसाच्या पाण्याने जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतो आणि रब्बीच्या पेरणीआधी ओसरतो. या बाबतीत ती नाईलची बहीण. गाळाच्या ओलाव्यावर, फारशी नांगरट न करता, जव-गहू पेरण्याची रीत सिंधमध्ये अलीकडच्या काळापर्यंत पाहावयास मिळत असे. मग येथेही इजिप्तसारखाच देवराजा, तशीच पिरॅमिडे उभी राहावयास हवी होती. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे १९२० नंतरच्या दशकात उत्खनने झाली तेव्हा काय सापडले? पुरापासून बचावासाठी रचलेले विटांचे प्रचंड चौथरे, आखीव रस्ते, झाकलेली गटारे, घरोघरी न्हाणीघरे. एकट्या मोहेंजोदडोत सुमारे सातशे विहिरी असाव्यात, असा अंदाज आहे. राजाचा भव्य पुतळा नाही, विजयाचा शिलालेख नाही, निर्विवादपणे राजवाडा म्हणावी अशी वास्तूही नाही. त्यांची लिपी आजवर वाचली गेलेली नाही, म्हणून त्यांच्या राज्यव्यवस्थेविषयी ठामपणे बोलणे योग्य होणार नाही. पण नाईलसारखी नदी मिळूनही त्यांनी नाईलसारखे उत्तर दिले नाही, एवढे स्पष्ट आहे. इजिप्तने आपले श्रम राजाच्या थडग्यात ओतले. सिंधूकाठच्या लोकांनी ते गटारांत आणि विहिरींत ओतले.

याहून बोलकी गोष्ट घग्गर-हाक्राच्या कोरड्या पात्राची. राजस्थानातील कालीबंगनसह या संस्कृतीच्या शेकडो वसाहती या पात्राच्या काठी आहेत. येथे हिमालयातून येणारी महानदी वाहत होती म्हणून माणसे येथे आली, असे बराच काळ धरून चालले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय संशोधनानुसार सतलजने हे पात्र सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच, म्हणजे ही नगरे वसण्याच्या कितीतरी आधी सोडले होते. या विषयावर मतभेद आहेत; नदी बारमाही राहिली असे म्हणणारेही आहेत. पण पहिले मत स्वीकारले तर अर्थ विलक्षण निघतो. महानदी निघून गेलेली, तिने खोदलेली रुंद दरी आणि गाळ मात्र मागे राहिलेला. पावसाळी पाणी येते, पण पात्र बदलणारा उद्दाम पूर येत नाही. माणसांनी नदीचा शोध घेतला नाही, नदीच्या मर्जीपासून सुटलेल्या सुपीक जागेचा शोध घेतला. आणि कच्छच्या रणातील धोलावीरा पाहा : बारमाही नदी मुळीच नाही. मानसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे बांध घालून अडवले, प्रचंड हौद खोदून पाणी साठवले आणि त्यावर सबंध नगर जगवले. नदीवाचून संस्कृती नाही, हे शाळेतले वाक्य धोलावीराच्या हौदांत बुडते.

भूगोल आणि मनुष्य यांच्या या व्यवहाराची एक मोठी परीक्षा इ. स. पूर्व २२०० च्या सुमारास झाली. त्या काळी पृथ्वीच्या मोठ्या भागावर पावसाने दीर्घकाळ ओढ दिली. २०१८ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तेथपासून एका नव्या कालखंडाचा आरंभ मानला आणि त्याला मेघालय युग असे नाव दिले. कारण या कोरड्या काळाची खूण मेघालयातील मावम्लूह गुहेच्या चुनखडी स्तंभात सापडली. जगातील अत्यंत पावसाळी प्रदेशातील दगडाने अवर्षणाची साक्ष द्यावी, हा योग मोठा विचित्र खरा. या अवर्षणाची तीव्रता सर्वत्र सारखी नव्हती, आणि राज्ये केवळ त्यामुळे कोसळली की नाही यावर विद्वानांत वाद आहे. परंतु तीन खोऱ्यांनी जे केले ते तुलनेसाठी मोलाचे आहे.

इजिप्तमध्ये नाईल खाली राहिली. दुष्काळाच्या आठवणी थडग्यांतील लेखांत उतरल्या, एकछत्री राज्य मोडले, प्रांताप्रांतांचे अधिपती स्वतंत्र झाले. आणि सुमारे सव्वाशे-दीडशे वर्षांनी दुसऱ्या मेंटुहोटेपने ते पुन्हा एक केले. नदी तीच, साचा तोच. मेसोपोटेमियात अक्कडचे साम्राज्य लयास गेले, उत्तरेकडील नगरे ओस पडली, आणि पशुपालक टोळ्या दक्षिणेकडे सरकू लागल्या. त्यानंतर आलेल्या उरच्या राजांनी त्यांना थोपवण्यासाठी लांबच लांब भिंत बांधली, इ. स. पूर्व २००४ च्या सुमारास उरही पडले. सिंधूच्या परिसरात नगरे आणखी काही पिढ्या टिकली; मग इ. स. पूर्व १९०० नंतर हळूहळू विरघळली. माणसे पूर्वेस गंगा-यमुनेच्या दुआबाकडे आणि दक्षिणेस सौराष्ट्राकडे लहान लहान खेड्यांतून पांगली. भात आणि भरडधान्ये यांसारखी पावसाळी पिके त्यांनी अधिक जवळ केली. नगर गेले, लिपी गेली, पण माणूस तगला. एकाने जुने राज्य पुन्हा उभारले, दुसऱ्याने भिंत बांधली, तिसऱ्याने वस्ती आणि पीक बदलले. अवर्षण भूगोलाचे होते. उत्तरे माणसांची होती.

यानंतर एका लहान नदीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. आपल्या दख्खनच्या नद्या खडक कापीत खोल पात्रांतून वाहतात. त्यांचा पूर सिंधूसारखा मैदानभर गाळ पसरीत नाही. येथे शेती तगली ती ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीवर. इ. स. पूर्व १४०० ते १००० या काळात इनामगावच्या लोकांनी बांध घालून आणि पाट खणून पुराचे पाणी वळवले, जव पिकवला, ऐसपैस चौकोनी घरे बांधली. त्यात पाच दालनांचे एक मोठे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार आहे. इ. स. पूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आखडली आणि शेळ्या-मेंढ्यांवरची भिस्त वाढली. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास वस्ती उठली. येथे ना पिरॅमिड, ना विधिसंहिता. पण नदीशी झालेला करार आणि तो मोडल्यावर माणसाने काढलेली वाट, ही कथा मात्र तीच.

अर्नोल्ड टॉयन्बी यांनी इतिहासाचे सूत्र आव्हान आणि प्रतिसाद या शब्दांत मांडले. आम्हांस ते सूत्र थोडे अधिक वीरश्रीयुक्त वाटते. नदी आव्हान देत नाही; ती अट घालते. आव्हान एकदा पेलले की संपते. अट दरसाल पाळावी लागते. सुमेरच्या पहिल्या पिढ्यांनी आव्हान उत्तम रीतीने पेलले होते. बिघाड झाला तो पुढच्या पिढ्या अट विसरल्या तेव्हा.

हे सारे आज कशासाठी उकरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपण असा काळ पाहिला आहे, ज्यात मनुष्याने पुराचा महिनाच पुसून टाकला. आस्वानचे उंच धरण १९७० साली पुरे झाले आणि हजारो वर्षे न चुकलेला नाईलचा पूर इजिप्तमध्ये येईनासा झाला. त्या धरणाने १९८० नंतरच्या अवर्षणात इजिप्तला उपासमारीतून वाचवले, हे त्याचे श्रेय कोणीही नाकारू नये. पण गाळ धरणात अडला, खते विकत घ्यावी लागली आणि जो पूर फुकट शेत धुऊन देई तो गेल्यामुळे निचऱ्यासाठी जमिनीखाली नळ घालण्याची पाळी आली. पुढे २०२५ साली इथिओपियाने निळ्या नाईलवरील आपल्या महाधरणाचे उद्घाटन केले. इजिप्तला, पाच हजार वर्षांनंतर, सुमेरच्या शेतकऱ्याची चिंता लागली आहे : मीठ धुणार कोण, आणि पाण्याची वाटणी करणार कोण?

आपल्याकडेही याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. ज्या हनुमानगड जिल्ह्यात कालीबंगनचे टेकाड आहे, त्याच जिल्ह्यात इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरातील कित्येक शेते पाणथळ आणि खारवट झाली. तेथील लोक त्या रोगाला सेम म्हणतात. पंजाबच्या नैऋत्य भागात तेच. महाराष्ट्रात नीरेच्या कालव्यावर आणि कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात चोपण झालेल्या जमिनींची ओळख शेतकऱ्यांना कित्येक पिढ्यांची आहे. वाळवंटात गहू पिकवणारा, माळावर ऊस उभा करणारा कालवा हा आपल्या काळाचा अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान रास्तही आहे. त्या कालव्यांनी भूक हटवली. पण पाणी शेतात नेण्यासाठी जितका पैसा आणि जितकी बुद्धी आपण खर्च केली, तितकी ते शेतातून बाहेर काढण्यासाठी केली काय? एक वर्ष जमिनीला विश्रांती देण्याचा जुना नेम आपण कोणाच्या घाईने मोडला?

इजिप्तच्या शेतकऱ्याला हे प्रश्न पडले नाहीत, कारण त्याची उत्तरे नदी देत असे. सुमेरच्या शेतकऱ्याला ते पडले. त्याने उत्तरही शोधले होते, पण ते पाळण्याइतकी सवड त्याला मिळाली नाही. आपल्याला या दोघांचेही अनुभव हाताशी आहेत. भूगोल माणसाचे भवितव्य ठरवतो असे आम्ही म्हणणार नाही; पण तो आपली अट कधी मागे घेत नाही. चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्यांवर धान्याचे आकडे लिहिणाऱ्या लेखनिकांनी गव्हाचा रकाना हळूहळू रिकामा होताना पाहिला असेल. आपल्या तालुक्याच्या दप्तरातही पिकांचे रकाने आहेत. ते वाचीत राहिले पाहिजे.